डाउनलोड फोल्डरमधली अनामत

(तरुण कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंचावर वकील बोलले, प्राध्यापक बोलले. मी दोन्हींपैकी कुणी नाही. मिरजेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक कलर प्रिंटर. २०१४ साली सुरू केलं. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, पॅन कार्ड, पासपोर्टची अपॉइंटमेंट, काहीही असलं की मोहल्ल्यातली माणसं म्हणतात, "आपाकडं जा."

आयोजकांनी मला विषय दिला, ऑनलाइन धोके आणि आपली खासगी माहिती. मी म्हटलं, मी काही सायबरतज्ज्ञ नाही. ते म्हणाले, तुमच्या कॉम्प्युटरला कुलूप लागलं होतं ना, तेच सांगा. तर तेच सांगते. पण ते कुलूप या गोष्टीचा पहिला अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा कळायला मला पुढे अडीच वर्षं लागली.

जून २०१९. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. दुकानाचे कमाईचे दिवस. सकाळी शटर उघडलं, कॉम्प्युटर चालू केला, तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागे अनोळखी अक्षरांचं शेपूट लागलेलं. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक चिठ्ठी. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर द्या. ७२ तासांच्या आत संपर्क केलात तर निम्मेच, ४९० डॉलर. खंडणीतसुद्धा सवलत!

याला रॅन्समवेअर म्हणतात. मला गाठलं त्या जातीचं नाव स्टॉप किंवा डीजेव्हीयू. मोठ्या कंपन्यांवर चालून जाणारं हे रॅन्समवेअर नव्हे. हे तुमच्या-माझ्यासारख्यांना गाठतं, आणि येतं कुठून, तर फुकटात मिळवलेल्या सॉफ्टवेअरमधून. माझ्या दुकानात तसंच झालं. पासपोर्ट साइजचे फोटो नीट करायला एक महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. भाच्याला सांगितलं, "बघ रे, कुठं क्रॅक मिळतंय का." त्याने शोधलं, टाकलं. टाकताना अँटिव्हायरस ओरडत होता, म्हणून तो बंद केला. विंडोजही कॉपी केलेलीच होती, आणि कॉपी उघडी पडू नये म्हणून अपडेट बंद ठेवलेले. म्हणजे दाराची कडी मीच काढली, राखणदाराला मीच घरी पाठवलं, आणि वर चोराला आत बोलावलं. भाच्याला मी खूप बोलले होते. आज सांगते, चूक त्याची नव्हती. सांगणारी मी होते.

अपडेटचं महत्त्व सांगायला याहून मोठं उदाहरण आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचं रॅन्समवेअर दीडशेहून जास्त देशांत पसरलं. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यांना ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून ते शिरलं, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला ते वाचले. 'रिमाइंड मी लेटर' म्हणणारे सापडले. आपण सगळे रोज काय दाबतो ते आपल्याला माहीत आहे.

मी पैसे भरले नाहीत. प्रामाणिकपणे सांगते, तत्त्व वगैरे काही नव्हतं, तेवढे पैसेच नव्हते. पुढे कळलं की तेच बरोबर होतं. पैसे भरून किल्ली मिळेलच असं नाही, आणि भरणाऱ्याकडे चोर पुन्हा येतो. त्या वेळी मला हेही माहीत नव्हतं की युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाची वेबसाइट सुरू केलीय. काही जातींच्या रॅन्समवेअरची किल्ली तिथे फुकट मिळते. तुमच्यावर वेळ आलीच तर डिस्क फॉरमॅट करण्याआधी तिथे बघा, आणि बंद झालेल्या फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा. आज किल्ली नसली तरी पुढे मिळू शकते. मी तेवढंही केलं नाही. डिस्क पुसली, नवी विंडोज विकत घेऊन टाकली, चाळीसेक मुलांना पुन्हा बोलावलं, कागदं पुन्हा स्कॅन केली. चार दिवसांत दुकान पूर्ववत. मला वाटलं, धडा शिकले.

आता दुसरा अर्धा भाग.

जानेवारी २०२२. तुम्हाला ती बातमी आठवत असेल. आधी जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि मग १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई'. मुसलमान बायकांचे फोटो सोशल मीडियावरून उचलायचे आणि 'लिलाव' म्हणून मांडायचे. पत्रकार, वैमानिक, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी, कुणालाही सोडलं नव्हतं. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी आणि दिल्ली पोलिसांनी अटका केल्या, तेव्हा कळलं की पकडलेल्यांत विशीच्या आसपासची, शिकणारी मुलं होती. म्हणजे तुमच्याच वयाची.

त्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. मी त्यांना खाला म्हणते. मोहल्ल्यात शिवणकाम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मी भरला होता. दुकानात गर्दी होती. त्या बाजूला उभ्या राहिल्या, गर्दी संपल्यावर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेटी, मेरी बच्ची का फोटो तेरे कॉम्प्युटर में अब भी है क्या?"

मी म्हटलं, "नाही हो खाला, काम झाल्यावर कशाला राहील?" त्यांना बरं वाटलं. त्या गेल्या.

त्या गेल्यावर मी डाउनलोड फोल्डर उघडला.

सहा हजारांवर फाइली. मी फॉरमॅट केल्यापासूनच्या अडीच वर्षांतल्या सगळ्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, कुणाच्या तलाकनाम्याची प्रत, कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट, कुणाच्या सहीचा नमुना. आणि फोटो. शेकडो मुलींचे फोटो, फाइलीला मुलीचं नाव दिलेलं, शेजारी त्याच नावाचं आधार, त्यावर पत्ता. खालांच्या मुलीचाही होता. मी त्यांना खोटं बोलले होते. मुद्दाम नाही, पण खोटंच.

मग मी दुकानाचा मोबाइल बघितला. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर कागदं पाठवतात. ती आपोआप गॅलरीत उतरतात, आणि गॅलरी माझ्या गूगल खात्याशी जोडलेली. म्हणजे मोहल्ल्यातल्या मुलींचे फोटो माझ्या खात्यात, आणि तोच मोबाइल संध्याकाळी घरी माझ्या मुलाच्या हातात, गेम खेळायला. कॉम्प्युटरवर एक रिमोटचं अ‍ॅपही सापडलं. कधीतरी प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याने लांबून बघण्यासाठी टाकलं होतं, काढलंच नव्हतं. त्याचा पासवर्ड त्याला माहीत. पोर्टलांचे पासवर्ड भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलेले, समोर उभ्या असलेल्या कुणालाही वाचता येतील असे.

त्या रात्री मी त्या २०१९च्या रॅन्समवेअरबद्दल पुन्हा वाचत बसले. तेव्हा जे कळलं त्याने झोप उडाली. ती जात बऱ्याचदा एकटी येत नाही. सोबत पासवर्ड आणि फाइली चोरून बाहेर पाठवणारा दुसरा प्रोग्रॅमही आणते. म्हणजे तेव्हा माझ्या फाइलींना नुसतं कुलूप लागलं होतं, की त्याआधी त्यांची एक प्रत बाहेरही गेली होती? आजही मला सांगता येत नाही. अडीच वर्षं मी म्हणत होते की माझं चार दिवसांचं नुकसान झालं. ज्यांची कागदं होती त्यांना मी एक शब्दही सांगितला नव्हता. सांगायला हवं, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

आपल्या मराठीत एक शब्द आहे, अनामत. अनामत रक्कम म्हणतो ना आपण. तो मूळचा अरबी अमानत. आपल्या घरात तो त्याच रूपात वापरला जातो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती आपली नसते, म्हणून तिची काळजी आपल्या वस्तूपेक्षा जास्त घ्यायची, आणि मागितली की परत द्यायची. माझ्या आजीकडे शेजारणी दागिने ठेवायला द्यायच्या. आजी ते कधी उघडूनही बघायची नाही. आणि मी, तिची नात, एवढ्या लोकांची अनामत उघड्या फोल्डरमध्ये टाकून रोज संध्याकाळी शटर ओढून घरी जात होते. शटरला मात्र दोन कुलपं!

माझं म्हणणं एवढंच आहे. दुकानाचा कॉम्प्युटर, क्लासचा लॅपटॉप, संघटनेचा मोबाइल, ही आपली मशिनं असली तरी त्यातली माहिती आपली नसते. ती वाचवणं हा आपल्या धंद्याचा भाग आहे.

आता कुणी म्हणेल, आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? मीही म्हणायचे. पण आपण घराला पडदा लावतो, तो आत चोरी चाललीय म्हणून नाही. आपलं आपल्यापाशी राहावं म्हणून. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, संविधानाच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा तो भाग आहे. ही याचिका करणारे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश होते. याचिका केली तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. ऐंशी पार केलेला माणूस ज्या हक्कासाठी कोर्टात उभा राहिला, तो आपण विशीत 'काय फरक पडतो' म्हणून सोडून द्यायचा का? २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. त्याचं सूत्र सोपं आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, आणि काम संपल्यावर ठेवू नका. माझ्या आजीला हे कायद्याशिवाय कळत होतं.

आता एक अवघड गोष्ट बोलते. त्या जानेवारीत आपल्या मोहल्ल्यांत काय झालं? मुलींचे डीपी उतरवले गेले. काही घरांत फोन काढून घेतले. भाऊ म्हणाले, "आता बास, इन्स्टाग्राम बंद." चोरी झाली म्हणून आपण ज्याची वस्तू चोरीला गेली त्यालाच कोंडून ठेवलं. मला विचारलंत तर फोटो उचलणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. मुलगी दिसू नये, बोलू नये.

यातून दुसरा एक धोका तयार होतो. गेल्या वर्षी एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत. तिने मोबाइल डिस्प्ले बदलायला दिला होता. दुकानदाराने लॉकचा कोड मागितला, तिने चिठ्ठीवर लिहून दिला. दोन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून तिचेच घरातले फोटो तिला आले. पाच हजार दे, नाहीतर हे वाटेल तसे बदलून सगळीकडे टाकतो. ती माझ्याकडे मदत मागायला आली नव्हती, पाच हजार उसने मागायला आली होती. मी म्हटलं, घरी सांग. ती म्हणाली, "अब्बूंना कळलं तर कॉलेज बंद होईल." बघा, त्या माणसाच्या हातात काय होतं? फोटो साधेच होते. तिला घरच्यांची भीती वाटते, ही त्याची खरी ताकद होती. ती भीती त्याने तयार केली नव्हती. आपण केली होती.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण ते तुम्हाला कधीही उपयोगी पडेल. पैसे दिले नाहीत. चॅट पुसलं नाही, स्क्रीनशॉट काढले, नंबर आणि वेळ दिसेल असे. मग ब्लॉक केलं. सरकारच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, आणि त्यात नाव न सांगताही कळवता येतं. 'स्टॉप एनसीआयआय' नावाचीही एक सोय आहे. खासगी स्वरूपाचा फोटो कुणी पसरवण्याची धमकी दिली असेल तर तिथे आपल्याच फोनवर त्या फोटोचा डिजिटल ठसा बनतो. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, फक्त ठसा जातो, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारखी सामील झालेली माध्यमं तो फोटो आला तर ओळखून अडवू शकतात. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी. लहान मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची तशीच दुसरी आहे. हे सगळं झाल्यावर मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. आधी अम्मीला सांगितलं. अम्मी बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "अब्बूंशी मी बोलते. तू उद्या कॉलेजला जा." पोलिसांची तक्रार पुढे चालू आहे. तो नंबर त्यानंतर गप्प आहे. पण ती मुलगी दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली, मला तेवढं पुष्कळ वाटलं.

इथे बसलेल्या भावांना हात जोडून सांगते. तुमच्या बहिणीला पासवर्ड शिकवा, आणि त्याआधी तिला कळू द्या की काहीही झालं तरी ती पहिल्यांदा तुमच्याकडे येऊ शकते. हे तिला कळलं असेल तर धमकी देणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

आता कामाच्या गोष्टी. वह्या काढा.

दुकान, क्लास, ऑफिस चालवणाऱ्यांसाठी. कॉम्प्युटरवर रोजच्या कामाचं खातं वेगळं ठेवा, सॉफ्टवेअर टाकण्याचे अधिकार असलेलं अ‍ॅडमिनचं खातं वेगळं. अपडेट चालू ठेवा. विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, त्यावर अजून काम करत असाल तर सोय बघा. क्रॅक सॉफ्टवेअर नको. फोटो नीट करायला, हिशेब ठेवायला, टायपिंगला मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर मिळतात. मी आता 'गिम्प' आणि 'लिब्रेऑफिस' वापरते, काही अडत नाही. दुरुस्तीवाल्याने रिमोट अ‍ॅप टाकलं तर काम संपताच त्याच्यासमोर काढा.

बॅकअपचा साधा नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. आणि काय जपायचं ते ठरवा. माझा हिशेब, पावत्या, अर्ज क्रमांक एवढंच मी जपते. ग्राहकांची कागदं काम संपल्यावर पुसते, रिसायकल बिनमधूनही. जे आपल्याकडे नाही ते कुणी चोरू शकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया आपोआप गॅलरीत उतरणं बंद करा. दुकानाचा फोन वेगळा, घरचा वेगळा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन तुमचं व्हॉट्सअ‍ॅप कुठल्या अनोळखी कॉम्प्युटरवर उघडं आहे का ते दर आठवड्याला बघा. माझ्यासारख्यांच्या दुकानात किती तरी पोरं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून प्रिंट काढतात आणि लॉगआउट न करता निघून जातात.

आता प्रत्येकासाठी. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, तिन्हींवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा. ओटीपी कुणालाही नाही, जवळच्या मित्राच्या नंबरवरून मागणी आली तरी नाही, कारण त्याचं खातं आधीच चोरीला गेलेलं असू शकतं. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'शादी का कार्ड' किंवा 'वाहन चलान' म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते कार्ड नाही, अ‍ॅप आहे. ते टाकलं तर तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याच्या हातात.

आधार देताना मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात, आधारच्या वेबसाइटवरून फुकट मिळतं. बोटांचे ठसेही तिथून लॉक करता येतात. अंगठ्याची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं लॉक आधी करा. 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम कार्ड चालू आहेत ते दिसतं. आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं. तुमच्या आधारवर कुणी सिम घेतलं आणि त्यावरून गुन्हा केला, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. मोबाइल दुरुस्तीला देताना कोड देऊ नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' असतो, तो चालू केला की दुरुस्तीवाल्याला तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये तशी सोय नसेल तर समोर बसून दुरुस्त करून घ्या.

आणि 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस येतो. म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुमच्या खात्यातून देशद्रोह्यांना पैसे गेलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. आपल्या वस्तीत पोलिसांचं नाव काढलं तरी हातपाय गार पडतात. वर असला आरोप, आणि आपलं नाव हे असं. त्या ठगांना आपली ही भीती चांगली माहीत आहे. म्हणून पाठ करून ठेवा, भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. फोन ठेवायचा, घरात सगळ्यांना सांगायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलात तर पैसे पुढे निघून जातात.

शेवटचं सांगते आणि थांबते.

डाउनलोड फोल्डर बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खालांच्या घरी गेले. म्हटलं, काल मी चुकीचं सांगितलं, फोटो होता. काल रात्री पुसला. त्याआधी तो कुणाच्या हाती लागला का, मला माहीत नाही. मला वाटलं त्या चिडतील, मोहल्ल्यात सांगतील, दुकान बसेल. त्या मशीनवर बसलेल्या होत्या. पायडल थांबवलं, म्हणाल्या, "तू सांगायला आलीस ना? बस्स." आणि मग म्हणाल्या, "बाकीच्यांचे पण पूस."

पुढचा सगळा आठवडा मी तेच केलं. आता दुकानात काउंटरवर एक पाटी आहे, मराठीत आणि उर्दूत: 'काम झाल्यावर तुमची कागदपत्रं तुमच्यासमोर पुसली जातील.' स्क्रीन मी ग्राहकाकडे वळवते आणि पुसते. अर्धा मिनिट लागतो. सुरुवातीला लोक हसायचे. आता कधी विसरले तर तेच आठवण करून देतात, "आपा, पुसलं का?"

तुम्ही तरुण आहात, माझ्यापेक्षा चारपट वेगाने मोबाइल चालवता. प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातलं एक दुकान धरा, एक क्लास धरा. तिथे जाऊन हे एवढं करून द्या, आणि ती पाटी लावायला सांगा. आणि आज घरी गेल्यावर आधी स्वतःचा डाउनलोड फोल्डर उघडा. त्यात कुणाकुणाची अनामत पडलीय ते बघा.